आंबटाची राखण

जानेवारी उजाडला की नाशिकच्या वर्तमानपत्रांत एक आकडा ठळक छापलेला असतो : निफाडचं किमान तापमान. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पहाटे पारा बघितला जातो आणि तो पाच-सहा अंशांपर्यंत उतरला की तालुकाभर फोन खणखणू लागतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ही हुडहुडीची बातमी वाटते. द्राक्ष बागायतदाराच्या पोटात मात्र गोळा येतो. मण्यांची फुगवण थांबते. पाणी उतरलेले, साखर भरत आलेले मणी तडकतात. थॉमसन जातीच्या हिरव्या मण्यावर गुलाबी झाक येते आणि ‘पिंक बेरी’ म्हणून तो माल निर्यातीतून बाद होतो. मग पहाटे तीनला बांधाबांधावर शेकोट्या पेटतात, ठिबकमधून विहिरीचं कोमट पाणी मुळांना सोडलं जातं, घड रद्दीच्या कागदात गुंडाळले जातात.

त्याच रात्री, तीस-चाळीस किलोमीटरवर, दिंडोरीच्या अंगाला दुसरा एक बागायतदार निवांत झोपलेला असतो. त्याच्याही बागेत द्राक्षंच आहेत, तीही याच महिन्यात पिकायला आली आहेत. पण ती वाईनची. त्यांना थंड रात्र मानवते. दिवसा उन्हात मणी साखर भरून घेतो आणि रात्री गारवा पडला की त्याच्यातलं आम्ल जागेवर राहतं. रात्रीही उकडत राहिलं तर मॅलिक आम्ल श्वसनात जळून जातं आणि हाती राहतो नुसता गोड, बेचव रस. निफाडच्या बागेत शेकोटी पेटते त्या थंडीवर दिंडोरीची वाईन उभी असते.

नाशिकच्या वाईनबद्दल मला जे सांगावंसं वाटतं ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे. ज्या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या गोडी वाढवण्यात घालवल्या, तो आता आंबट राखायला शिकतो आहे. हे शिकणं मला फार मोलाचं वाटतं. फेब्रुवारीत गंगापूर धरणाच्या बाजूला जो उत्सव भरतो, त्याला येणाऱ्या माणसांनी ते बघावं, निदान त्यांना ते ठाऊक असावं, असं मनापासून वाटतं.

ओझरला १९२५च्या सुमारास द्राक्षाची लागवड झाली, तिथून या जिल्ह्याची द्राक्षकथा सांगायची रीत आहे. भोकरी, अनाबेशाही, मग बिनबियांचं थॉमसन, त्यातून तासगावकडे निवडलेलं तास-ए-गणेश, सोलापूरकडचं सोनाका. या सगळ्या वाटचालीची दिशा एकच होती : मणी मोठा, साल पातळ, बी नको, गोडी हवी. त्यासाठी माणसांनी काय काय केलं! जिब्रेलिक आम्लाच्या द्रावणात एकेक घड बुडवला. खोडाची साल कडीसारखी काढून अन्नरस घडाकडे वळवला. शेकडो बायका बारीक कात्र्या घेऊन मांडवाखाली मान वर करून उभ्या राहिल्या आणि घडातले दाटीचे मणी काढत राहिल्या, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळेल. अठरा मिलिमीटरचा मणी मिळाला की घरात पेढे वाटावेत असा आनंद. पिंपळगाव बसवंत, उगाव, निफाड, ओझर या गावांतले बंगले त्या अठरा मिलिमीटरवर उभे आहेत.

वाईनचं द्राक्ष हातात घ्या. मणी करवंदापेक्षा फार मोठा नाही. साल जाड. आत दोन-तीन बिया. घड आखूड आणि गच्च, मणी एकमेकांना दाबून बसलेले. थॉमसन पिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हा घड पाहुण्यापुढे ठेवायची लाज वाटेल. पण वाईन करणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. आणि लाल वाईनचा रंग, वास, तुरटपणा सगळा सालीत आणि बियांत. म्हणून पाणी आखडतं घ्यायचं, नत्र बेताचं द्यायचं, फुटवे मोजून ठेवायचे. खायच्या द्राक्षाचा एकरी दहा-बारा टन माल काढणारा बागायतदार इथे चार-पाच टनांवर थांबतो आणि थांबतो म्हणूनच त्याच्या मालाला किंमत येते. मुरमाड, उतारावरची, कांदाही धड न येणारी जमीन इथे नावाजली जाते. ज्या ज्या गोष्टीला बापजाद्यांनी उणीव म्हटलं, ती ती इथे गुण होऊन बसली. एखाद्या शेतकऱ्याला नवं बियाणं देणं सोपं आहे. चांगलं कशाला म्हणायचं याची त्याची मोजपट्टी उलटी करणं सोपं नाही. नाशिकच्या शेतकऱ्याने ती गेल्या पाव शतकात स्वतःच्या हाताने उलटी केली.

सुरुवात तशी नाशिकची नव्हे. १९८०च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाईन केली होती आणि ती परदेशात पोचलीही होती. नाशिकच्या वाटेला हे वळण आलं ते राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर आले तेव्हा. केरी डॅम्स्की या कॅलिफोर्नियाच्या वाईनतज्ज्ञाचा सल्ला घेऊन १९९७ मध्ये त्यांनी शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ या जातींची लागवड केली. आईच्या सुलभा या नावावरून वाईनरीचं नाव सुला ठेवलं. २००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं, विंचूरला वाईन पार्क झालं, आणि बघता बघता दिंडोरी, निफाड, इगतपुरी या तालुक्यांत वाईनऱ्यांच्या पाट्या लागल्या. पुढे दिंडोरीत शाँदोनसारखं फ्रेंच नाव आलं, संजेगावकडे ग्रोव्हर झाम्पा, कावनईच्या पायथ्याला व्हॅलोने. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन मिळालं. या सगळ्यात सरकारी धोरणाचा वाटा मोठा, उद्योजकांच्या हिमतीचा मोठा, आणि ज्यांनी पहिल्यांदा थॉमसनची बाग काढून शिराज ही वाईनची जात लावली त्या शेतकऱ्यांच्या धाडसाचा सर्वांत मोठा. त्यांच्यासमोर शेजाऱ्याची बागही नव्हती बघायला.

सुलाचा उत्सव २००८ पासूनचा. करोनाच्या काळात तो थांबला आणि २०२५च्या फेब्रुवारीत पुन्हा भरला. गंगापूर रोडने शहर मागे पडतं तसा रस्त्याचा रंग बदलत जातो. दोन्ही अंगांना बागा, मधूनच बागेतच टेबलं मांडून मिसळ देणारी ठिकाणं, पापड आणि तर्रीचा वास, वाईनच्या चवीची आमंत्रणं देणारे फलक आणि दुचाकीवरून कॅनॉल गाठायला निघालेले शेतकरी. मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागलेली असते. मनगटावर पट्टा बांधून आत गेलं की उतारावर पायऱ्यापायऱ्यांचं खुलं रंगमंदिर, खाली रंगमंच, चहूबाजूंनी बागा आणि पलीकडे टेकड्या. फेब्रुवारीतलं ऊन कलतं आणि एकदम गार वारा सुटतो. संगीत सुरू होतं. तरुण पोरं-पोरी नाचतात, त्यांच्या शेजारीच साठीचं एखादं जोडपं खुर्च्या टाकून शांतपणे रोझे पीत बसलेलं असतं, आणि कुणी कुणाकडे वळून बघत नाही. बायका रात्री उशिरापर्यंत मोकळेपणाने वावरताना दिसतात. महाराष्ट्रात दारूच्या आसपास हे दृश्य दुर्मीळ, म्हणून मला ते फार आवडतं.

द्राक्षं तुडवण्याच्या टबाभोवती सर्वांत जास्त गर्दी असते. मीही उतरले. पहिलं पाऊल टाकलं की द्राक्षं गार लागतात, दुसऱ्याला ती निसटतात आणि तिसऱ्या-चौथ्या पावलाला तळव्याखाली काहीतरी टोचायला लागतं. त्या बिया. घोट्यापर्यंत साली चिकटतात, रस बोटांच्या फटीत शिरतो आणि वाळला की चिकटा धरतो. माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, “या द्राक्षांत बिया का आहेत? आमच्याकडे बिनबियांची मिळतात की.” मी तिला एक मणी उचलून दिला, चाव म्हटलं. तिने तोंड वाकडं केलं. तुरट लागलं होतं. तोच तुरटपणा लाल वाईनला अंग देतो, तोच तिला वर्षानुवर्षं टिकवतो, हे सांगितल्यावर तिने वाकून आणखी एक मणी घेतला आणि या वेळी बी सावकाश चावली. टबातला रस काही टाकीत जात नाही, तो खेळच. पण त्या खेळात नाशिकची अख्खी गोष्ट तळपायाला लागते, आणि ती सांगायला तिथे कुणी उभं नसतं याची मला खंत वाटते. माझी एवढीच मागणी आहे : रंगमंचावर जिथे गायकांची नावं घेतली जातात, तिथे त्या हंगामाला माल दिलेल्या गावांची नावंही घ्यावीत. माणसं टाळ्या वाजवतील. मी पाहिलं आहे त्यांना. त्यांना कुतूहल आहे.

वाईन चाखायच्या चवघराचं मात्र कौतुक केलं पाहिजे. पेले पुढे ठेवणारी मुलं-मुली बहुतेक आसपासच्या गावांतली. सुलाचं चवघर २००५ मध्ये सुरू झालं, तेव्हा पेला दांडीला धरायचा की पोटाला, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत होतं. आज सावरगाव-गंगापूरकडचा मुलगा शहरातल्या पाहुण्याला सांगतो, पेला तिरका धरा, पांढऱ्यावर रंग बघा, आधी नाकाने घ्या. शेनिनमध्ये पेरू सापडतो, सोव्हिन्याँ ब्लाँमध्ये हिरवी मिरची आणि कापलेलं गवत, शिराजमध्ये काळी मिरी. ही मूळची लुआर खोऱ्यातली शेनिन इथल्या काळ्या दगडाच्या मातीत आणि इथल्या उन्हात पेरूच्या वासाची होते. हा वास मला पहिल्यांदा सापडला तेव्हा झालेला आनंद अजून विसरलेले नाही. आपल्या अंगणातल्या झाडाचा वास परक्या जातीच्या वेलीने उचलला होता.

उत्सव चालू असतो तेव्हाच पाठीमागच्या बाजूला खरा हंगाम चालू असतो, आणि तिकडे फार कुणी फिरकत नाही. तोडणी पहाटेची, कपाळाला दिवे लावून. ऊन चढायच्या आत क्रेट भरून ट्रॅक्टर वाईनरीच्या दारात लागला पाहिजे, कारण माल गार असेल तर वास टिकतो, रस तपकिरी पडत नाही. क्रेट उतरतात, वजन होतं, सरकत्या पट्ट्यावर काडी-कचरा, भुरी लागलेले घड वेचले जातात. पांढरी असेल तर घड सरळ दाबयंत्रात. रस स्टीलच्या टाकीत जातो, टाकीभोवती थंड पाणी खेळवलेलं असतं आणि चौदा-सोळा अंशांवर तो हळूहळू आंबतो. लाल असेल तर सालीसकट. तिथे उभं राहिलं की ताज्या भाकरीच्या पिठासारखा यीस्टचा वास येतो आणि खाली गाण्याचे ठोके ऐकू येत असतात.

इथलं वेळापत्रकही युरोपच्या उलट आहे. फ्रान्स-इटलीत सप्टेंबरात द्राक्षं तोडतात. नाशिकात तेव्हा छाटणी करतात. थंड देशात हिवाळ्यात वेल झोपते, आपोआप. आपल्याकडे ती झोपतच नाही. तिला दोनदा कापावं लागतं : एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा काडी तयार होते, आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, त्या काडीवर घड येतो. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावतात. ऑक्टोबरच्या पावसाने दगा दिला तर केवडा येतो, आणि कोवळा घड दोन दिवसांत काळा पडतो. म्हणजे थंड देशात जे काम हिवाळा करतो, ते इथे माणूस कात्रीने करतो. वाईनवरची परदेशी पुस्तकं वाचून ही शेती करता येत नाही. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने आणि बागायतदारांनी मिळून ती इथल्या इथेच शिकून घेतली आहे.

दिंडोरी तालुक्यातल्या एका घरी मी हंगामात जाते. घरातल्या कर्त्या पुरुषाला सगळे नाना म्हणतात. नाना माळकरी. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी निघते तिच्याबरोबर पंढरपूरला चालत जातात. त्यांनी वाईनचा थेंब कधी ओठांना लावलेला नाही. त्यांच्याकडे अडीच एकर शेनिन आणि थोडी शिराज आहे, वाईनरीशी करार आहे. कृषी पदवी घेतलेली त्यांची सून त्याच भागातल्या एका वाईनरीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. ती दिवसाला वीस-वीस नमुने चाखते आणि थुंकते. लग्न ठरताना नानांना कुणीतरी विचारलं होतं, चालेल का म्हणून. नाना म्हणाले, “चाखणं वेगळं, पिणं वेगळं. डॉक्टर औषध चाखून बघत नाही होय?” विषय तिथेच मिटला.

नानांची बागेतली फेरी बघण्यासारखी असते. ते दिसेल तो मणी तोडत नाहीत, निवडून घेतात. एक घडाच्या खांद्यावरचा, एक शेंड्याचा. एक उन्हाच्या बाजूचा, एक सावलीचा. मणी दोन बोटांत दाबतात, गर जिभेवर घेतात, साल दाढेखाली धरतात, मग बी तळहातावर काढून तिचा रंग बघतात. हिरवी असेल तर अजून वेळ आहे. तपकिरी झाली की दाताखाली फोडतात. कडक आवाज आला पाहिजे. मग खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढून काचेवर एक थेंब पिळतात आणि सूर्याकडे धरून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, वाचतात. यंत्राने सांगितलेला आकडा त्यांनी आधीच मनाशी धरलेला असतो, आणि तो फारसा चुकत नाही. इतकी तयार जीभ मी चवघरातही क्वचित पाहिली आहे.

याच नानांनी २००९च्या सुमाराला शिराजचा एक प्लॉट काढून टाकला होता. त्याआधीच्या चार-पाच वर्षांत वाईनरीच्या मागणीने सगळीकडे वाईन द्राक्षाची लागवड वाढली होती. २००८च्या शेवटी मंदी आली, पाठोपाठ मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाईन टाक्यांत पडून राहिली. जुनीच खपेना, तिथे नवा माल कोण घेणार? करार कागदावर राहिले. झाडावर घड सुकले. हे द्राक्ष बाजार समितीत नेऊन विकता येत नाही, बेदाणाही होत नाही, बियांमुळे. एका गिऱ्हाइकाने नाही म्हटलं की सगळा हंगाम संपला. अनेकांनी बागा उपटल्या. वेल लावल्यापासून पहिला खरा माल यायला तिसरं वर्ष लागतं, आणि उपटायला एक दिवस पुरतो. नाना त्याबद्दल बोलतात तेव्हा कुणाला दोष देत नाहीत. “खोडं जाळायला नेली तेव्हा वासाने कळलं, शिराजचं लाकूड आहे म्हणून,” एवढंच म्हणाले. पुन्हा वाईनची जात लावायला त्यांना बरीच वर्षं लागली. नव्या वाईन प्रदेशाच्या वाढीचे आकडे लिहिताना मला हे लाकूड आठवतं. विश्वास मोडला की तो परत यायला वेलीपेक्षा जास्त काळ लागतो, आणि शेतकऱ्याचा करार कायद्याने आणखी भक्कम व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे.

२०२२च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायचा निर्णय घेतला, तेव्हा केवढा गदारोळ झाला. एका बाजूने शेतकऱ्याचं भलं, दुसऱ्या बाजूने महाराष्ट्राचं ‘मद्यराष्ट्र’. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय अंमलात आलाच नाही. मला दोन्ही बाजूंचं काही काही पटतं. ज्या गावांत बायकांनी मतदान करून दारूच्या दुकानाची बाटली आडवी केली, त्या गावांतलं दुःख मी ऐकलेलं आहे. नानांच्या पत्नी स्वतः अशा एका मतदानासाठी दारोदार फिरल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, “आमच्या द्राक्षाची बाटली महाग असते, ती आमच्या गावात कोण घेणार? आमच्या गावात जाते ती दुसरी.” वाईन ही फळावर झालेली प्रक्रिया आहे हे खरं, आणि ती मद्य आहे हेही खरं. यातली एकच बाजू सांगणाऱ्या माणसाचं बोलणं मला अपुरं वाटतं. पण वाईनरीच्या दारात उभ्या असलेल्या क्रेटमागे कुणाचं घर चालतं हे बघितल्यावर मी त्या बाटलीकडे आधी शेतमाल म्हणूनच बघते.

गेल्या फेब्रुवारीत उत्सवाच्या आदल्या दिवशी मी नानांकडे होते आणि घरात वाद पेटलेला होता. शेनिन तोडायची कधी, यावरून. नानांचा हट्ट होता, आणखी पाच दिवस. साखर वीसच्या पुढे गेली होती, ती बावीसला जाऊ दे, वजनही भरेल, प्रतही चांगली लागेल. “गोड झाल्याबिगर घड तोडायचा न्हाई, आमच्या वडिलांनी हेच शिकवलं,” ते म्हणाले. सुनेने नमुना तपासून आणला होता. ती म्हणाली, “नाना, साखर वाढेल, पण आंबट उतरायला लागलंय. पीएच चढतोय. रात्री आता गार पडत नाहीत. पाच दिवसांनी वजन येईल आणि चव जाईल. मग त्यात वरून टार्टारिक आम्ल घालावं लागेल.” नाना म्हणाले, “घालतात ना पण सगळे.” ती म्हणाली, “घालतात. पण वेलीनं दिलेलं असलं तर घालायचं कशाला?”

नाना उठले आणि बागेत गेले. आम्ही दोघी मागे. त्यांनी नेहमीसारखे मणी घेतले, खांद्याचा, शेंड्याचा, उन्हातला, सावलीतला. खूप वेळ घोळवत राहिले. मी त्यांचा चेहरा बघत होते. साठ वर्षं त्या जिभेने गोडीची वाट पाहिली होती. आता ती दुसरंच काही शोधत होती, आणि शोधताना थोडी चाचपडत होती. शेवटी ते म्हणाले, “परवाच्या मानानं उतरलंय खरं.”

संध्याकाळी वाईनरीचा अधिकारी येऊन गेला. मधला मार्ग निघाला. टेकडीकडचा निम्मा प्लॉट दुसऱ्याच दिवशी पहाटे तोडला, आणि पाटाच्या बाजूचा, जिथे जमीन भारी आहे आणि पिकायला उशीर होतो, तो नानांच्या म्हणण्याप्रमाणे पाच दिवसांनी. दोन्ही माल वेगळ्या टाक्यांत घालायचं अधिकाऱ्याने कबूल केलं. शेनिनला लाकडी पिंपात वर्ष काढायचं नसतं. पावसाच्या तोंडाशी ती बाटलीत येते.

मी निघाले तेव्हा नाना रिकामे क्रेट धुऊन पालथे घालत होते. म्हणाले, “ताई, तुम्ही पिता. पोरगी सांगंल, पण ती तिच्याच बाजूचं सांगंल. तुम्ही दोन्ही टाक्यांचं घेऊन बघा आणि कुठलं चांगलं उतरलं ते मला सांगा. पालखीला निघायच्या आत सांगा म्हणजे झालं.”